अडतीस वर्षांची बंदी, सव्वीस वर्षांची कारकीर्द

३ मार्च १९७८ रोजी ब्राझीलच्या साल्वादोर शहरात मिराइल्दिस मासिएल मोता या मुलीचा जन्म झाला, तेव्हा बायकांनी फुटबॉल खेळायला त्या देशात बंदी होती. हीच मुलगी पुढे फोर्मिगा, म्हणजे मुंगी, या टोपणनावाने जगाला माहीत झाली. मधल्या फळीत खेळत तिने सात विश्वचषक आणि सात ऑलिंपिक गाजवले. सात विश्वचषकांचा आकडा पुरुषांतही कुणाला गाठता आलेला नाही.

तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण तिच्या दमसासाचं आणि चिवटपणाचं कौतुक करतात. ते रास्तच आहे. पण एवढी लांब कारकीर्द नुसत्या दमावर होत नाही. तिला क्लब लागतो, करार लागतो, आठवड्याला एक सामना लागतो आणि पुढच्या वर्षीही तो क्लब जागेवर असावा लागतो. फोर्मिगाने सुरुवात केली तेव्हा यातलं काहीच धड नव्हतं. म्हणून तिच्या कारकिर्दीचा माग काढायचा तर तिच्या जन्माच्याही बराच मागे जावं लागतं.

ब्राझीलमधल्या बायकांचा फुटबॉल १९२०-३० च्या दशकांत सर्कशीच्या तंबूतही दिसायचा. डोंबाऱ्याच्या कसरतींसारखाच तो गमतीचा एक खेळ, तिकीट काढून पाहायचा. त्याच काळात रिओच्या उपनगरांत मात्र बायकांचे खरेखुरे संघ उभे राहत होते. १९४० साली साओ पाउलोच्या नव्याकोऱ्या पाकाएम्बू मैदानावर त्यांचा सामना झाला आणि ही गोष्ट एकदम सगळ्यांच्या डोळ्यांवर आली. जोझे फुझेइरा नावाच्या गृहस्थाने थेट राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांना पत्र लिहून तक्रार केली, की या खेळाने भावी मातांच्या शरीराची हानी होईल. पत्र वर्तमानपत्रात छापून आलं, डॉक्टरांनी माना डोलावल्या. १४ एप्रिल १९४१ रोजी खेळांविषयीचा वटहुकूम निघाला. त्याच्या ५४ व्या कलमात स्त्रीच्या प्रकृतीशी विसंगत असे खेळ बायकांनी खेळू नयेत असं म्हटलं होतं. त्यात फुटबॉलचं नाव नव्हतं. ते घालायचं काम १९६५ साली लष्करी राजवटीतल्या क्रीडा परिषदेने केलं. फुटबॉल, रग्बी, वॉटरपोलो, कुस्ती, वजन उचलणं अशी यादीच तिने काढली.

असं करणारा ब्राझील एकटा नव्हता. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर १९२० रोजी गुडिसन पार्कवर बायकांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार माणसं जमली होती. त्यानंतर वर्षभरात तिथल्या फुटबॉल संघटनेने आपल्या मैदानांचे दरवाजे बायकांना बंद केले. पश्चिम जर्मनीने हेच १९५५ मध्ये केलं. फरक एवढाच, की या दोन्ही देशांत बंदी घातली ती फुटबॉल संघटनांनी. ब्राझीलमध्ये ती सरकारने घातली, आणि बंदी झुगारून खेळणाऱ्या बायकांमागे पोलीस लागत.

बंदी उठली १९७९ साली. रीतसर नियम व्हायला १९८३ उजाडलं. मधल्या काळात रिओच्या कोपाकाबानामध्ये रादार नावाच्या क्लबाने बायकांचा संघ बांधला आणि ऐंशीच्या दशकात देशातल्या स्पर्धा एकहाती जिंकल्या. फिफाने १९८८ मध्ये चीनच्या ग्वांगदोंगमध्ये चाचणीदाखल बायकांची स्पर्धा भरवली, तेव्हा ब्राझीलने पाठवलेला संघ बराचसा रादारच्याच मुलींचा होता. तो तिसरा आला. पुरुष संघाचे उरलेले ढगळ कपडे घालून आम्ही खेळलो, असं त्या पिढीतल्या खेळाडूंनी नंतर सांगितलं आहे.

याच पिढीत मधल्या फळीतली पहिली मोठी खेळाडू झाली. सिसी, फोर्मिगाच्याच बाहिया राज्यातल्या एस्प्लानादा गावची, जन्म १९६७. चेंडू नव्हता म्हणून ती लहानपणी बाहुल्यांची मुंडकी काढून त्यांनी खेळायची. १९९९ च्या विश्वचषकात तिने सात गोल केले आणि चीनच्या सुन वेनबरोबर सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. नायजेरियाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात जादा वेळेत तिने फ्री किकवर मारलेला, सामना तिथेच संपवणारा गोल्डन गोल आजही दाखवला जातो. तिच्या मागे उभी राहून बचावफळी आणि आक्रमण यांच्यातली जागा राखत होती एकवीस वर्षांची फोर्मिगा.

फोर्मिगाची जागा गोलांच्या यादीत न दिसणारी. प्रतिस्पर्ध्याचा पास आधी ओळखायचा, टॅकल करून चेंडू काढून घ्यायचा, दोन स्पर्श करून पुढच्याला द्यायचा आणि पुन्हा मागे पळायचं. बाराव्या वर्षाच्या सुमारास तिला मुंगीचं नाव पडलं ते याच खेळामुळे. भावांना तिचं हे खेळणं पसंत नव्हतं. आईची मात्र साथ होती. १९९५ च्या स्वीडनमधल्या विश्वचषकात ती सतराव्या वर्षी राष्ट्रीय संघात होती. पुढच्याच वर्षी अटलांटात महिला फुटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला आणि ब्राझील चौथा आला.

आता तिच्या क्लबांची यादी पाहिली पाहिजे. साओ पाउलो, पोर्तुगेझा, साद, स्वीडनचा माल्मो, अमेरिकेत न्यू जर्सीतला क्लब, एफसी गोल्ड प्राइड, शिकागो रेड स्टार्स, मग साओ जोझे, पॅरिस सेंट जर्मेन आणि शेवटी पुन्हा साओ पाउलो. वरवर पाहता ही हिंडफिऱ्या स्वभावाची खेळाडू वाटेल. खरी गोष्ट अशी, की तिच्या पायाखालची जमीन पुन्हा पुन्हा सरकत होती.

अटलांटानंतर ब्राझीलच्या मोठ्या क्लबांनी हौसेने बायकांचे संघ काढले आणि थोड्याच वर्षांत गुंडाळले. २००१ मध्ये साओ पाउलो राज्याच्या फुटबॉल महासंघाने स्पर्धा भरवली. तिच्या आराखड्यात खेळाडूंच्या देखणेपणावर भर द्यायचं लिहिलं होतं, आणि फोल्हा या दैनिकाने ते चव्हाट्यावर आणलं. त्याच वर्षी अमेरिकेत जगातली पहिली पूर्ण व्यावसायिक महिला लीग सुरू झाली. सिसी तिथे गेली. तीन हंगामांत ती लीग बंद पडली, तीही २००३ चा विश्वचषक सुरू व्हायच्या काही दिवस आधी. २००४ मध्ये फोर्मिगाने स्वीडन गाठलं. त्याच वर्षी राष्ट्रीय संघातली तिची सहकारी मार्ताही स्वीडनच्याच उमेओ क्लबात गेली. २००९ मध्ये अमेरिकेत दुसरी लीग आली आणि फोर्मिगा गोल्ड प्राइडमध्ये दाखल झाली. ती तिथून शिकागोला गेली, त्या वर्षी गोल्ड प्राइडने विजेतेपद जिंकलं आणि लगेच क्लब बंद झाला. लीगही २०१२ चा हंगाम न खेळताच आटोपली. तिकडे ब्राझीलमध्ये २००९ आणि २०१० साली दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची लिबेर्तादोरेस स्पर्धा जिंकणाऱ्या सांतोसने २०१२ च्या सुरुवातीला खर्च परवडत नाही म्हणून बायकांचा संघच बंद केला.

या सगळ्यातून ती टिकली, कारण राष्ट्रीय संघ तिला कधी सोडू शकला नाही. २००४ आणि २००८ मध्ये ऑलिंपिकचं रौप्य, २००७ मध्ये विश्वचषकाचं उपविजेतेपद. साओ जोझेकडून २०१३ आणि २०१४ मध्ये लिबेर्तादोरेस, आणि २०१४ च्या अखेरीस तोक्योत आर्सेनलला २-० ने हरवून क्लबांचं जागतिक विजेतेपद. २०१५ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध सदतिसाव्या वर्षी गोल करून ती तोपर्यंतची सर्वांत वयस्क गोलकर्ती ठरली. त्याच वर्षी ब्राझीलच्या महासंघाने राष्ट्रीय संघातल्या बायकांना वर्षभराचे करार दिले. देशातल्या क्लबांवर विसंबता येत नव्हतं, हे मान्य करण्याचाच तो एक प्रकार होता.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये मानाउसच्या स्पर्धेत तिला निरोप देण्यात आला. क्लबाचा खरा आधार तिला मिळाला तो त्यानंतर पॅरिसमध्ये, चाळिशी जवळ आल्यावर. तिच्या जागी उभं राहील असं मात्र ब्राझीलमध्ये कोणी सापडेना. प्रशिक्षक वादाव यांनी २०१८ मध्ये तिला परत बोलावलं. २०१९ चा विश्वचषक ती एकेचाळिसाव्या वर्षी खेळली. फ्रान्सकडून हरल्यावर मार्ताने कॅमेऱ्यासमोर डोळ्यांत पाणी आणून नव्या मुलींना सांगितलं, की फोर्मिगा, मार्ता आणि क्रिस्तियाने या जुन्या खेळाडू कायमच्या पुरणार नाहीत. २०२१ मध्ये पॅरिसने लियोंची सलग चौदा विजेतेपदांची मालिका तोडून फ्रेंच लीग जिंकली. फोर्मिगा तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती.

तिचा देशासाठीचा शेवटचा सामना भारताविरुद्ध झाला. २५ नोव्हेंबर २०२१, मानाउस. ब्राझील ६-१ ने जिंकला, भारताचा गोल मनीषा कल्याणने केला. फोर्मिगा उत्तरार्धात बदली खेळाडू म्हणून उतरली. बाकावर प्रशिक्षक होत्या पिया सुंधागे. १९९५ मध्ये फोर्मिगाच्या पहिल्या विश्वचषकात ब्राझीलने सलामीला स्वीडनला हरवलं होतं, तेव्हा सुंधागे त्या स्वीडिश संघातल्या खेळाडू होत्या. त्या दरम्यान सुंधागे यांनी खेळणं सोडलं, प्रशिक्षक झाल्या आणि अमेरिकेला दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवून दिली. फोर्मिगा अजून मैदानातच होती.

तिच्या शेवटच्या काही वर्षांत पाया घालायला सुरुवात झाली. २०१९ पासून ब्राझीलच्या पहिल्या श्रेणीतल्या पुरुष क्लबांना बायकांचा संघ ठेवणं सक्तीचं झालं. २०२० मध्ये महासंघाने राष्ट्रीय संघातल्या स्त्री-पुरुषांचा दैनिक भत्ता सारखा केला. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे, दक्षिण अमेरिकेतला पहिलाच. आज तिथे मधल्या फळीत खेळणाऱ्या विशीतल्या मुलीला निदान आपल्याच देशात नावाजलेल्या क्लबाचा दरवाजा ठोठावता येतो. सिसीच्या आणि फोर्मिगाच्या काळात अशी खात्री नव्हती.

सात विश्वचषकांचा विक्रम बहुधा दीर्घकाळ फोर्मिगाच्याच नावावर राहील. तिचं मोठेपण त्यात आहेच. पण ज्या देशात फुटबॉल गल्लीगल्लीत खेळला जातो, त्या देशाला मधल्या फळीसाठी चाळिशीला टेकलेली बाई परत बोलवावी लागली, ही त्या देशाच्या फुटबॉल कारभाराची नामुष्की आहे. अडतीस वर्षं मुलींना मैदानाबाहेर ठेवलं आणि त्यानंतरची जवळपास चाळीस वर्षं त्यांना टिकणारे क्लब दिले नाहीत, त्याची किंमत एका खेळाडूच्या पायांनी भरून दिली.