विद्येचा चव्हाटा

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवांपर्यंतचें अहमदनगर, या शहराच्या उत्तरेस सावेडी नांवाचें जें उपनगर वाढलें आहे, त्यांत एकीकडे निजामशाहीच्या काळचा भिस्तबाग महाल उभा आहे आणि दुसरीकडे एका चौकास 'प्रोफेसर कॉलनी चौक' असें नांव पडलें आहे. महालांत आतां कोणी रहात नाहीं. प्राध्यापकांचें नांव मात्र रोज रिक्षावाल्यांच्या तोंडीं असतें. हा काळाचा विनोद आम्हांस मोठा गमतीचा वाटतो. परंतु त्या नांवामागून एक प्रश्न मनांत येतो. विद्वान् मनुष्य घरांत बसून काय शोधतो तें चौकांतल्या माणसास कसें कळावें? आणि कळविण्याचें साधनच बदललें म्हणजे त्या विद्येचें काय होतें? 'ट्विटर', 'फेसबुक', 'व्हॉट्सॲप' यांच्यामुळें या प्रश्नाची चर्चा हल्लीं फार होते, व तो आजच उपजला अशा समजुतीनें होते. तो तसा नाहीं.

याच शहरांत इ. स. १८४२ च्या जून महिन्यांत अमेरिकन मराठी मिशननें 'ज्ञानोदय' हें पत्र काढलें. हेन्री बॅलंटाइन हे त्याचे पहिले संपादक. हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे. तथापि धर्माबरोबर सृष्टिज्ञान आणि इतिहास यांवरील मजकूरही त्यांत येई, आणि तो मराठींत येई. पुढें हें पत्र मुंबईस गेलें. त्याच्या दहा वर्षें अगोदर, ६ जानेवारी १८३२ रोजीं, बाळशास्त्री जांभेकरांनीं मुंबईंत 'दर्पण' सुरू केलें होतें. तें इंग्रजी व मराठी अशा दोन्ही भाषांत निघे. बाळशास्त्र्यांचें उदाहरण आमच्या विषयाला फारच जवळचें आहे, कारण ते स्वतः एल्फिन्स्टन विद्यालयांत शिकवीत असत. प्राचीन लेखांचें वाचन करून त्यांवर त्यांनीं निबंध लिहिले, ते एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकासाठीं, इंग्रजींत. सामान्य वाचकांसाठीं 'दर्पण', १८४० पासून ज्ञानविषयक लेखांसाठीं 'दिग्दर्शन' मासिक, आणि १८४५ त शिळाछापावर ज्ञानेश्वरी. कोणतें काम कोणत्या साधनानें करावें याचा असा विवेक आजच्या पुष्कळ प्राध्यापकांना साधलेला नाहीं, असें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

त्यानंतर १८४८ त मराठी ज्ञानप्रसारक सभा निघाली व १८५० त तिचें मासिक. सभेंत निबंध वाचावयाचा, ऐकणाऱ्यांनीं त्याची चिकित्सा करावयाची, मग तो छापावयाचा, असा तेथील क्रम होता. १८७८ त 'काव्येतिहाससंग्रह' हें मासिक निघालें. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा त्यांत हात होता. जुनीं पत्रें आणि बखरी टीपांसह महिन्याच्या महिन्यास वर्गणीदाराच्या घरीं येऊं लागल्या. दहा वर्षांनीं, १८८८ त, तें बंद पडलें. बंद पडलें खरें, पण नाहींसें झालें नाहीं. त्याचे बांधलेले अंक ग्रंथालयांतून राहिले व पुढच्या संशोधकांनीं ते उघडले. या भेदाकडे आम्ही पुढें येऊं.

साधन आणि संशोधन यांचा संबंध कसा असावा हें पाहण्यास शिवछत्रपतींच्या जन्मतिथीच्या वादासारखें दुसरें उदाहरण नाहीं. शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथि फार दिवस चालत आली होती. २४ एप्रिल १९०० च्या 'केसरी'त लोकमान्य टिळकांनीं निरनिराळ्या बखरींतील तिथ्यांची छाननी करून हा प्रश्न लोकांपुढें मांडला. वर्तमानपत्राचें काम तेवढेंच होतें: प्रश्न पसरविणें. पुढें कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांतून एक शकावली टिळकांच्या हातीं आली. तींत फाल्गुन वद्य ३, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथि होती. ही शकावली त्यांनीं १९१६ त प्रसिद्ध केली, ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत, जेथें ती तज्ज्ञांना समग्र वाचून ताडून पाहतां यावी. नंतर तंजावर येथें सापडलेलें परमानंदाचें 'शिवभारत' सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ त छापलें. त्यांतही तीच तिथि निघाली. प्रश्न पडल्यापासून दुसरा स्वतंत्र पुरावा छापून येईपर्यंत सत्तावीस वर्षें गेलीं. वाद त्यानंतरही चालू राहिला, आणि चालू राहणें योग्यच होतें, कारण प्रत्येक पक्षाला दुसऱ्याचा पुरावा पानासकट दाखवितां येत होता.

आज याच विषयावरचे संदेश दर फेब्रुवारींत दूरध्वनीवर फिरतात. मोडी कागदाचें छायाचित्र असतें; पण त्याचा मायना कापलेला, दप्तर कोणाचें, रुमाल कोणता, वाचन कोणी केलें, याचा पत्ता नाहीं. लोकांनीं त्यास 'व्हॉट्सॲप विद्यापीठ' असें नांव दिलें आहे. तेथें प्रवेशपरीक्षा नाहीं हें खरें, पण आमच्या मतें मोठा दोष निराळा आहे. तेथें उत्तर देण्यास पत्ताच नसतो.

उलट पक्षीं, नव्या साधनांत विद्वानांचा फायदा मुळींच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली, तेव्हां नारायण बापूजी उतगीकरांनीं विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति तयार केली, व ती १९२३ त छापून अभिप्रायासाठीं विद्वानांकडे पाठविण्यांत आली. डांकेनें जें तेव्हां महिन्यांत होई, तें पदार्थविज्ञानवाले १९९१ पासून 'अर्काइव्ह' या संगणकीय संग्रहानें एका दिवसांत करूं लागले. २००६ त 'ट्विटर' निघालें आणि प्रबंध प्रसिद्ध झाल्याची वार्ता जगभर क्षणांत जाऊं लागली. परदेशच्या मोठ्या प्रकाशकांनीं तेथें आपापलीं खातीं उघडलीं. आणि एखाद्या निबंधाचा तेथें किती वेळां उल्लेख झाला हें मोजण्याचा एक धंदाच उभा राहिला. ही मोजणी आम्हांस कधींच रुचली नाहीं. टाळ्या मोजून कीर्तनकाराची योग्यता ठरविण्यासारखाच तो प्रकार आहे.

पण चव्हाटा दुसऱ्याच्या मालकीचा असला म्हणजे काय होतें हें २०२२ च्या ऑक्टोबरांत कळलें. इलॉन मस्क यांनीं ४४ अब्ज डॉलरांस ट्विटर विकत घेतलें. १९२३ त विराटपर्व डांकेंत पडलें त्याला बरोबर शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०२३ त, संशोधकांस फुकट मिळणारी तेथील माहिती बंद झाली आणि नांवही बदलून 'एक्स' झालें. पुष्कळ विद्वान् 'मास्टोडॉन'वर गेले, पुढें २०२४ च्या अखेरीस 'ब्लूस्काय'वर. आणि वर्षानुवर्षें जमविलेला श्रोतृवर्ग अर्धा एकीकडे, अर्धा दुसरीकडे असा विखुरला. मराठी माणसानें हा अनुभव अगोदरच घेतला होता. 'ऑर्कुट'वर मराठी मंडळींचे समूह गजबजलेले असत. ३० सप्टेंबर २०१४ रोजीं मालकांनीं तें बंद केलें. 'काव्येतिहाससंग्रह' बंद पडल्यावर त्याचे अंक उरले. ऑर्कुटवरच्या वादांचें, टीपांचें, कोणी सांगितलेल्या एखाद्या दुर्मिळ पोथीच्या ठिकाणाचें काय उरलें?

यास्तव वार्ता चव्हाट्यावर सांगावी आणि कागद मात्र संस्थेच्या कपाटांत ठेवावा, हीच जुनी रीत आम्हांस बरी दिसते. कपाट आतां संगणकीय असलें म्हणून बिघडत नाहीं. १९७६ त तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं ज्याचा पहिला खंड निघाला, तो मराठी विश्वकोश आज घरबसल्या वाचतां येतो. 'शोधगंगा' या संग्रहांत भारतीय विद्यापीठांचे प्रबंध कोणासही मोफत उघडतात, मग वाचणारा प्रोफेसर कॉलनींतला असो कीं तिच्या चौकांतला.