नाव कुणाच्याच यादीत नव्हतं

इंग्लंडच्या छापखान्यांमध्ये कामगारांच्या गटाला ‘चॅपल’ म्हणत आणि त्यांच्या म्होरक्याला ‘फादर ऑफ द चॅपल’. जोसेफ मॉक्सनच्या १६८३च्या पुस्तकात हे शब्द सापडतात. तेव्हा हा मान सगळ्यांत जुन्या कारागिराचा होता. पुढे युनियन आल्या आणि हा ‘फादर’ निवडून दिलेला प्रतिनिधी झाला. सभासदांची यादी, वर्गणी, नियम, सगळं चोख.

मुंबईतला आपला पहिला मोठा कामगार प्रतिनिधीही छपाईच्याच जगातला, पण त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, काही काळ गिरणीत स्टोअरकीपर. १८८०मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक चालवायला घेतलं आणि गिरणीतली गाऱ्हाणी छापून येऊ लागली.

१८८४मध्ये सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी सभा घेतल्या आणि निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या जमवल्या. मागण्या वाचल्या की पोटात गलबलतं: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, जखमी झालं तर भरपाई. बस्स, एवढंच! सहा वर्षं काही हललं नाही. मग २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बायकाही उठून बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

१८९२च्या सरकारी अहवालाने मात्र लोखंड्यांच्या ‘मिलहँड्स असोसिएशन’ची हजेरी घेतली. हिला सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. लोखंडे येईल त्याला सल्ला देतात, एवढंच. काही इतिहासकारही याच कारणाने तिला युनियन मानत नाहीत. व्याख्येपुरतं ठीक आहे. पण रविवार मिळाला तो हिच्याच काळात.

आणि यादी असून काय होतं, तेही बघा. १९८६मध्ये रुपर्ट मर्डोकने आपली वर्तमानपत्रं लंडनच्या वॉपिंग भागात हलवली. तिथे पत्रकार थेट कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करणार होते, खिळे जुळवणाऱ्यांची गरजच उरली नव्हती. संपावर गेलेल्या साडेपाच हजारांच्या आसपास लोकांना काढून टाकलं. वर्षभर रस्त्यावर बसूनही ‘फादर’ लोकांना त्या नोकऱ्या परत आणता आल्या नाहीत. उमरग्याहून पुण्या-हैदराबादला कोड लिहायला गेलेल्या आमच्या पिढीकडे तर यादीही नाही आणि ‘दीनबंधु’ही नाही.

लोखंडे १८९७मध्ये प्लेगने गेले. गिरणीतल्या पुरुषांच्या कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली ती १९११मध्ये: दिवसाला बारा तास.