हिवाळ्यात गोल्डफिशची निगा

गोल्डफिश हा मूळचा चीनमधील, कार्प कुळातला, थंड पाण्याचा मासा. १८ ते २४ अंश सेल्सिअसचे पाणी त्याला मानवते. त्याहून गार पाण्यातही तो तग धरतो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत पेडणे, डिचोली परिसरात पहाटे पारा २० अंशांखाली उतरला, तरी त्याला हीटरची गरज नसते. अपाय होतो तो तापमानातील चढउतारामुळे. याच दिवसांत दुपारी पारा ३० अंशांपलीकडे जातो. लहान काचपात्रातील पाणी झटकन तापते व झटकन निवते. या ताणाने माशाची प्रतिकारशक्ती घटून अंगावर पांढरे ठिपके उठणारा रोग बळावतो.

मोठ्या टाकीतील पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. टाकी खिडकीपासून व थेट उन्हापासून दूर ठेवावी. ऊब देण्यासाठी गरम पाणी कधीही ओतू नये. एका वेळी चौथा हिस्साच पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशी टाकीशेजारी उघडे भरून ठेवल्यास क्लोरीन उडून जातो आणि तापमानही जुळते.

गार पाण्यात माशाचे पचन मंदावते. अशा वेळी खाद्य कमी करावे. उरलेले खाद्य कुजून पाण्यात विषारी अमोनिया वाढतो. गप्पी, फायटर या उष्ण कटिबंधातील माशांना मात्र ऊब लागते. म्हणून त्यांची टाकी वेगळी असावी.