पूर्वजांचा माग आणि सरकारी दप्तर



आपल्या मराठवाड्यात एसटीत शेजारी नवखा माणूस येऊन बसला, की बोलण्याची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. "गाव कोणतं, पाव्हणं?" आणि "कुणाचे तुम्ही?" गाव कळले, बाप कळला, की कुठे ना कुठे सोयरीक निघते आणि परका माणूस घरचा होतो. पण या दोन साध्या प्रश्नांची उत्तरे ज्यांच्यापाशी नाहीत, अशीही मराठी माणसे जगात आहेत. ती उत्तरे मिळावीत म्हणून ती सरकारी दप्तरे धुंडाळीत असतात. त्यांच्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे. आणि ती सांगता सांगता आपल्या गावच्या दप्तराकडेही यायचे आहे.

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशस नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्रजांच्या ताब्यात होते आणि बेटावर उसाचे मोठमोठे मळे होते. या मळ्यांत गुलाम राबत. १८३३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १८३५ च्या फेब्रुवारीत तो मॉरिशसला लागू झाला. मळेवाल्यांपुढे प्रश्न पडला, ऊस तोडायचा कोणी? त्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' नावाच्या जहाजाने ३६ मजूर कलकत्त्याहून पोर्ट लुई बंदरात उतरले. तिथून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर त्या बेटावर गेली. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचे आपल्या लोकांनी 'गिरमिट' केले, आणि करारावर जाणारा तो गिरमिटिया झाला.

यांत बिहारकडचे लोक सर्वांत जास्त, त्यांच्या खालोखाल मद्रास इलाख्यातले. मुंबई बंदरातून गेलेले त्या मानाने थोडे, पण त्यांत आपली मराठी माणसे होती. रत्नागिरी, सावंतवाडी, कुलाबा, सातारा, या भागांतली. कोकणात जमीन डोंगराळ, पीक एकच, आणि वर खोताचे देणे. अशा वेळी दलाल सांगे की पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा आणि कपडालत्ता. ऐकणाऱ्याला ते बरे वाटे. तिथे गेल्यावर मात्र कळे, की एक दिवस गैरहजर राहिले तर पगार दोन दिवसांचा कापतात! पुढे मुंबईत कापडाच्या गिरण्या निघाल्या, पहिली १८५४ साली. गोदीही वाढली. मग कोकणच्या माणसाला पोटासाठी मुंबईच पुरली आणि मॉरिशसकडचा ओघ आटला. जे गेले होते त्यांतले काही परतले. बरेचसे तिथेच राहिले.

आता त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे नांदते आहे. घरात क्रिओल भाषा बोलतात. पण गणपती बसतो, आणि कोकणातला जाखडी नाच तिथे 'झाकरी' या नावाने अजून जिवंत आहे. सगळे टिकले. हरवले ते गावाचे नाव. पणजा 'बंबई'हून आला, एवढेच घरात ठाऊक असते. कारण तो ज्या बंदरात जहाजावर चढला ते मुंबई. त्याच्या आधी तो कुठल्या वाडीतून चालत निघाला, ते सांगणारा आज कोणी उरला नाही.

इथे दप्तर उपयोगी पडते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर १८४९ साली मजूर उतरवून घेण्याचे ठाणे बांधले गेले. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याचे नाव आहे. बोटीतून उतरलेला माणूस दगडाच्या सोळा पायऱ्या चढून आत जाई. आत कारकून वही घेऊन बसलेला असे. तो प्रत्येकाला एक क्रमांक देई, पुरुषाला तसा स्त्रीलाही. मग एकेक रकाना भरी. नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाजाचे नाव, आल्याची तारीख, आणि कोणत्या मळ्यावर धाडले तो मळा. १८६० नंतरच्या दशकात तर मजुरांची छायाचित्रेही घेऊ लागले.

हे सारे कशासाठी होते? माणसाची आठवण राहावी म्हणून नव्हे. मजूर मळा सोडून पळाला तर त्याला ओळखून धरता यावे, यासाठी. वही धाकाची होती. पण तिच्यात बापाचे नाव आणि गाव लिहिले गेले, आणि शंभर-दीडशे वर्षांनी तीच वही पणतवंडांच्या हाती दिव्यासारखी आली. या वह्या मॉरिशसमधल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. त्या संस्थेची स्थापना १९७० सालची. या नोंदी साऱ्या जगाच्या ठेव्यापैकी आहेत, हे युनेस्कोनेही मान्य केले आहे.

शोध घ्यायचा तो उलट्या पावलांनी. आज जो हयात आहे त्याच्यापासून निघायचे. आपला जन्माचा दाखला, मग बापाचा, मग आज्याचा. तिथल्या जुन्या जन्माच्या व लग्नाच्या दाखल्यांत गिरमिटियाचा क्रमांकही लिहिलेला सापडतो. तो क्रमांक हाती आला की मोक्याच्या दप्तरात ओळ सापडते आणि ओळीत गाव.

मात्र ओळ सापडली म्हणजे काम संपले असे नाही. बोलणारा कोकणी, ऐकणारा परदेशी, लिहायचे रोमन लिपीत. त्या काळी इंग्रजी कागदांत रत्नागिरीचे 'रुटनाघेरी' होई आणि ठाण्याचे 'टान्ना'. जिल्ह्याची ही गत, तर लहानशा वाडीचे काय? शिवाय आपल्याकडे एकाच नावाची गावे किती! बुद्रुक आहे, खुर्द आहे. परगणा लिहिलेला असेल तर गाव लागते. परगण्याचा रकाना कोरा असेल तर नातू पाच-सात गावांच्या वेशीवर उभा राहतो आणि कुठल्या वेशीत शिरावे ते त्याला कळत नाही. आडनावाचाही आधार नाही. वहीत आडनाव बहुधा नसेच. सखारामचा मुलगा तिथे 'सखाराम' याच आडनावाने ओळखला जाऊ लागला, रामजीचा 'रामजी' या आडनावाने. आज्याचे नावच घराण्याचे नाव होऊन बसले.

ही धडपड केवळ हौसेची नाही. परदेशस्थ भारतीयांना आपले सरकार ओसीआय कार्ड देते. त्यासाठी चौथ्या पिढीपर्यंतचीच मर्यादा होती. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पोर्ट लुई येथे जाहीर केले, की मॉरिशसच्या लोकांना हा लाभ सातव्या पिढीपर्यंत मिळेल. सातवी पिढी! तोंडी वंशावळ इतकी मागे पुरणार नाही. तिथे कागदच हवा. जगात इतरत्रही हेच चालले आहे. भूमध्य समुद्रातल्या माल्टा या चिमुकल्या बेटावरून हजारो कुटुंबे उत्तर आफ्रिकेत आणि पुढे ऑस्ट्रेलियात गेली. त्यांची नातवंडे आज पासपोर्टाचे जुने अर्ज आणि आगबोटींच्या उतारूंच्या याद्या चाळीत बसतात.

तुम्ही म्हणाल, हे कोकणचे झाले, माल्टाचे झाले. आमच्या मुलखाशी याचा काय संबंध?

संबंध असा. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरे उघडली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्म-मृत्यूच्या वह्या, शाळांची जुनी रजिस्टरे, सारे तपासले गेले. हैदराबादच्या दप्तरापर्यंत माणसे गेली. मोडी, उर्दू, फारसी वाचणारा माणूस मिळेना म्हणून लोक गावोगाव विचारीत फिरले. मॉरिशसचा नातू ज्या अडचणीत आहे, त्याच अडचणीत घरी बसून आपणही आहोत, हे त्या वेळी ध्यानात आले.

आपल्या भागातला माग काढताना तीन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली जिल्ह्याची. आजचा जिल्हा पाहून जुना कागद सापडत नाही. लातूर हा १६ ऑगस्ट १९८२ ला स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधी तो उस्मानाबादचा, म्हणजे आजच्या धाराशिवचा, तालुका होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके तर १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. किनवट आदिलाबादेत होते, आणि नांदेडचा मुधोळ तालुका १९५६ साली आदिलाबादकडे गेला. तेव्हा उदगीरच्या माणसाने जुना कागद शोधताना 'जिल्हा बिदर' असे विचारावे लागते.

दुसरी गोष्ट सालाची. निजामी कागदावर फसली साल असते आणि ते वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातली नोंद असेल तर फसली सालात ५९० मिळवावे. जानेवारीनंतरची असेल तर ५९१. समजा, कागदावर १३४८ फसली, महिना तीर, असे आहे. तीर हा मे महिन्याच्या सुमारास येतो. म्हणजे ती नोंद १९३९ सालची. एवढा हिशेब न कळल्याने पुष्कळदा हाती आलेला कागद लोक 'आपला नव्हे' म्हणून खाली ठेवतात.

तिसरी गोष्ट लिपीची. वरच्या कचेरीचे कागद आधी फारसीत, मग उर्दूत. गावपातळीवरचे पुष्कळसे मोडीत. ही लिपी वाचणारी वडीलधारी मंडळी आता बोटांवर मोजण्याइतकी राहिली. ती आहेत तोवर तरुण शिक्षकांनी त्यांच्यापाशी बसून मोडी शिकून घ्यावी. सहा महिन्यांची मेहनत आहे, पण एका गावाचे शंभर वर्षांचे बोलणे तिने ऐकू येते.

आता मुख्य बोलणे शिक्षक बंधुभगिनींशी आणि ग्रामसेवकांशी. मुखेड, कंधारकडची कितीतरी कुटुंबे दिवाळी आटोपली, की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातात. ऊस तोच, उचल घेऊन घर सोडणेही तसेच. समुद्र तेवढा मध्ये नाही. उसाच्या फडाशेजारी पालात लेकरू जन्मते. त्याची नोंद कोण करते? कायदा असा आहे, की जन्म जिथे झाला तिथल्याच दप्तरात त्याची नोंद व्हावी, आणि २१ दिवसांच्या आत ती फुकट होते. फडावरच्या आईला हे कोणी सांगत नाही. मुकादमाला त्याचे काही नसते. चैत्रात कुटुंब गावी परतते, तेव्हा मुदत कधीच टळलेली असते. मग शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजे तारीख टाकतात, आणि बहुतेकांचा जन्म जूनमध्ये होतो!

१ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याने जन्माच्या दाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. त्यानंतर जन्मलेल्या मुलाला शाळेत घालायला, मतदार यादीत नाव नोंदायला, नोकरीला, सगळीकडे तोच कागद लागेल. म्हणून कुटुंब ऊसतोडीला निघण्याआधी ज्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, त्या घरी एवढे सांगून ठेवावे, की जिथे बाळ होईल तिथल्या ग्रामपंचायतीत किंवा दवाखान्यात नाव नोंदवूनच या. मुलांना शिक्षण हमी पत्रक देतो, तसाच हा निरोपही द्यावा.

आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर भरताना हात आखडू नये. मुलाचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, आडनाव, गाव, तालुका, सारे पुरे लिहावे. बुद्रुक की खुर्द तेही लिहावे. तांडा असेल तर तांड्याचे नाव लिहावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीकडची गावे नव्या जागी वसली. अशा ठिकाणी जुन्या गावठाणाची खूणही कुठेतरी लिहिलेली असावी. रजिस्टर पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नये, त्याला वाळवी लागते. जुने झाले म्हणून रद्दीत तर कधीच घालू नये.

पोर्ट लुईच्या त्या कारकुनाला ठाऊक नव्हते, की आपण कोणासाठी लिहितो आहोत. त्याने ज्या दिवशी रकाना नीट भरला, त्या दिवशीच्या माणसाचे घर आज सापडते. ज्या दिवशी त्याने कंटाळून रकाना कोरा सोडला, त्या दिवशीचा माणूस कायमचा 'बंबई'चा राहिला. आपल्याला तर ठाऊक आहे, की आपण कोणासाठी लिहितो. ते लेकरू समोर पाटी घेऊन बसलेले असते.