भास्कराचार्यांचं चाक आणि कन्नडचा घाट

'न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधलं' हा फॉरवर्ड आमच्या कन्नडच्या ग्रुपवर वर्षातून तीन-चारदा तरी येतो. आमच्याकडे तो जरा जास्तच प्रेमानं येतो, कारण भास्कराचार्य आम्हाला शेजारचे वाटतात. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव, तिथून परत डोंगराकडे वळलं की अठराएक किलोमीटरवर पाटणादेवी. पितळखोऱ्याची लेणी आमच्या तालुक्यात, आणि त्यांच्या खालच्या दरीत पाटण. भास्कराचार्यांनी स्वतःचं गाव विज्जलविड असं सांगितलंय. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासक अजून भांडतात, पण पाटणशी त्यांच्या घराण्याचा संबंध दगडात कोरलेला आहे.

तो शिलालेख १२०७ सालचा. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं त्या मठाला चंद्रग्रहणाच्या दिवशी दान दिलं. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला कुणी काय द्यायचं हा व्यवहार आला की भाषा सरळ मराठी होते.

आता फॉरवर्डबद्दल. 'सिद्धांतशिरोमणी' हा ग्रंथ ११५० चा, भास्कराचार्य तेव्हा छत्तीस वर्षांचे. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वीला ओढून घेण्याची शक्ती आहे, जड वस्तू त्यामुळे तिच्याकडे येतात आणि आपल्याला त्या पडल्यासारख्या दिसतात, असं म्हटलंय. मग पृथ्वी स्वतः का पडत नाही? चहूकडे आकाश सारखंच असेल तर ती पडणार कुठे? हा प्रश्न मला आजही जबरदस्त वाटतो. पण किती ओढ, किती अंतरावर, चंद्रालाही तीच का, हे गणित न्यूटननं १६८७ मध्ये मांडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एकीमुळे दुसरी लहान होत नाही. इथे थांबतो, कारण मला बोलायचंय ते त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका गोष्टीबद्दल, जी कुणीच फॉरवर्ड करत नाही.

यंत्राध्यायात भास्कराचार्य आपोआप फिरणाऱ्या चाकाची कृती देतात. हलक्या लाकडाचं चाक घ्यायचं. सारख्या अंतरावर पोकळ आरे, सगळे एकाच बाजूला जरा झुकलेले. प्रत्येकात निम्म्यापर्यंत पारा भरून तोंड बंद करायचं. दोन खांबांवर आस टेकवला की चाक फिरू लागतं आणि फिरतच राहतं. अशा चाकाचं वर्णन त्यांच्याआधी ब्रह्मगुप्तानं ६२८ मध्येही केलंय. कल्पना सुंदर आहे: उतरणाऱ्या बाजूला पारा परिघाकडे सरकतो, चढणाऱ्या बाजूला आसाकडे. म्हणजे उतरणारी बाजू कायम भारी.

हे चाक फिरत राहणार नाही. का नाही, हे समजायला नववीतलं 'कार्य आणि ऊर्जा' पुरतं, आणि आमच्याकडे त्यासाठी आख्खा घाट आहे.

समजा २० टनांचा ट्रक ३०० मीटर उंची चढतोय. घर्षण बाजूला ठेवू, गुरुत्व त्वरण १० धरू. रस्ता दर वीस मीटरला एक मीटर चढत असेल तर ट्रकला १०,००० न्यूटन बल लागेल आणि ६ किलोमीटर जावं लागेल. गुणाकार ६ कोटी ज्यूल. आता वळणं काढून टाका आणि ३० अंशांचा सरळ चढ बांधा. रस्ता फक्त ६०० मीटर, पण बल १,००,००० न्यूटन. गुणाकार पुन्हा ६ कोटी. वळणांनी चढ सोपा होतो, स्वस्त होत नाही. गुरुत्वाकर्षण तुमचा रस्ता बघत नाही, फक्त किती वर आलात ते बघतं.

उतरताना हेच ६ कोटी ज्यूल परत मिळतात, आणि तिथेच भीती असते. वेग वाढू द्यायचा नसेल तर ती सगळी ऊर्जा ब्रेक आणि इंजिनात उष्णता होऊन जायला हवी. सुमारे १९० लिटर पाणी, म्हणजे जवळजवळ एक ड्रम, २५ अंशांवरून उकळीला आणण्याएवढी उष्णता. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा ड्रायव्हर लोकांचा नियम यातूनच आलाय. (घाटाचं सरकारी नाव औट्रम घाट, जेम्स औट्रम या इंग्रज अधिकाऱ्यावरून. ती गोष्ट पुन्हा कधी. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर अवजड वाहनांना या घाटात बंदी झाली.)

आता चाकाकडे या. एक पूर्ण फेरा झाला की पाऱ्याचा प्रत्येक थेंब होता त्याच उंचीवर परत येतो. म्हणजे गुरुत्वाकर्षणानं केलेलं एकूण कार्य शून्य. आरे कसेही वाकवा, ती घाटातली वळणंच आहेत. उतरणाऱ्या बाजूचा हात लांब असतो हे खरं, पण त्या बाजूला पारा कमी असतो आणि चढणाऱ्या बाजूला जास्त. हिशेब मिटतो. वर आसाचं घर्षण दर फेऱ्याला थोडं थोडं खातंच. चाक डुलतं आणि थांबतं.

हा मोह एकट्या भारताचा नव्हता. तेराव्या शतकात फ्रान्सच्या विलार द ओनकूरनं आपल्या वहीत असंच एक चाक काढून ठेवलंय. मग १५८६ मध्ये सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश इंजिनिअरनं प्रश्नच उलटा केला. हा माणूस माझा लाडका आहे. त्यानं दोन उतारांचा एक त्रिकोणी ठोकळा कल्पिला, एक उतार दुसऱ्याच्या दुप्पट लांब. त्यावरून १४ सारख्या गोळ्यांची माळ टाकली. लांब उतारावर चार गोळे, आखूड उतारावर दोन, बाकीचे आठ खाली लोंबते. चार गोळे दोघांना ओढतील? मग माळ सरकेल, पण सरकल्यावर चित्र जसंच्या तसं राहील, म्हणजे ती कायम सरकत राहील. हे अशक्य आहे, स्टेव्हिन म्हणतो. म्हणून माळ स्थिरच राहणार, आणि लांब उतारावरचे चार गोळे आखूड उतारावरच्या दोघांशी तोलले जाणार. उतारावर लागणाऱ्या बलाचा नियम त्याला असा मिळाला, तेव्हा 'ऊर्जा' ही कल्पनाही नव्हती. 'कार्य' ही राशी कोरिओलिसनं या नावानं १८२९ मध्ये पक्की केली. त्याआधीच, १७७५ मध्ये, पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं अशा यंत्रांचे प्रस्ताव तपासणं बंद करून टाकलं होतं.

भास्कराचार्यांनी जे शक्य धरलं, ते स्टेव्हिननं अशक्य धरलं आणि त्यातून नियम काढला. माझ्या मते यांत्रिकीच्या इतिहासातला हा मोठा घाटमाथा आहे, आणि आपल्या शाळेत तो कुणी सांगत नाही. सूत्र फळ्यावर येतं, किमती टाकायच्या, उत्तराखाली दोन रेघा.

न सांगण्याची किंमत मी बघतोय. आमच्याकडे शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. गेल्या वर्षी ओळखीच्या एका काकांनी मला व्हिडिओ दाखवला: मोटर जड फ्लायव्हील फिरवते, फ्लायव्हील डायनामो फिरवतो, डायनामो मोटरला वीज देतो, वर दहा बल्बही पेटतात. विकणारा ऐंशी हजार मागत होता. काका वेडे नाहीत. रात्री दोनला विहिरीवर जाणाऱ्या माणसाला हे खरं वाटावंसं वाटणारच. मी त्यांना घाटाचं गणित सांगितलं, ट्रकसकट. ते म्हणाले, "म्हणजे उतारावर जे मिळतं ते चढातलंच असतं." मग पुस्तकातली व्याख्या सांगायची गरज उरली नाही.

भास्कराचार्यांच्या यंत्राध्यायात एक यंत्र असंही आहे जे खरंच चालेल. पाण्यानं भरलेली वाकडी नळी, तिचं एक तोंड कुंडात आणि दुसरं बाहेर खाली. त्यातून पडणाऱ्या पाण्यावर चाक फिरतं, कुंडात पाणी आहे तोवर. पण अशी यंत्रं बाहेरच्या कशावर तरी अवलंबून असतात म्हणून भास्कराचार्यांनी त्यांना गावंढळ ठरवलं. पाटणच्या मठात पोरांनी हे वाक्य पाठ केलं असेल का, कुणास ठाऊक. त्या शिलालेखातल्या मराठी ओळींमध्ये मठाच्या उत्पन्नाचा एक बारीक हिशेब आहे: पाटणात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येकामागे मठाला एक पळी तेल. घाण्याला बैल लागायचा, आणि बैलाला रोज वैरण.