मुखरोगांतील वेदना आणि अहिफेन

गेल्या वर्षीं आमच्या एका सहाध्यायी मित्रास जिभेचा कर्करोग झाला. डॉक्टरांनीं मॉर्फिन दिलें, परंतु घरच्या मंडळींनीं व्यसनाच्या भयानें तें कपाटांत ठेवून दिलें आणि “सुश्रुतांत अफू आहे काय?” असा प्रश्न प्रस्तुत लेखकास पत्रानें विचारला. त्याचें उत्तर पोथ्यांच्या संग्राहकांसही उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

सुश्रुतसंहितेंत मुखरोग ६५ सांगितले असून त्यांत ताळूचें अर्बुदही आहे. तें अर्बुद म्हणजेच आजचा कर्करोग, असें मात्र निश्चयानें म्हणतां येत नाहीं. वेदनेविषयीं ग्रंथकार उदासीन नाहीं. शस्त्रकर्मापूर्वीं रोग्यास जेवूं घालावें व मद्य पिणारास तीक्ष्ण मद्य द्यावें, म्हणजे त्यास शस्त्राची जाणीव होत नाहीं, असें सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायांत आहे. परंतु ५ व्या अध्यायाप्रमाणें मुखरोगांत शस्त्रकर्म उपाशीं पोटींच करावयाचें. शस्त्रजन्य वेदनेवर ज्येष्ठमधयुक्त कोमट तूप त्याच अध्यायाच्या शेवटीं सांगितलें आहे. अफूचें नांव संहितेंत नाहीं.

तें शार्ङ्गधरसंहितेंत, म्हणजे सामान्यतः इ. स. च्या १३ व्या-१४ व्या शतकांत, आढळतें. पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापणारें जें द्रव्य तें ‘व्यवायि’, अशी व्याख्या करून तेथें भांग व अहिफेन हीं उदाहरणें दिलीं आहेत. १६ व्या शतकांतील भावप्रकाशांतही अहिफेन आहे. सबब सुश्रुताच्या नांवावर अहिफेनयोग देणारें पान मागाहून घातलेलें समजावें.

तथापि उपाय उशिरां आला म्हणून तो त्याज्य ठरत नाहीं. १९ व्या शतकाच्या आरंभीं सेर्टुर्नर या जर्मन औषधकारानें अफूंतून मॉर्फिन वेगळें केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें १९८६ त कर्करोगाच्या वेदनेसाठीं औषधांच्या तीन पायऱ्या ठरविल्या; तीव्र वेदनेच्या पायरीवर मॉर्फिन असून तें ठराविक वेळीं द्यावयाचें असतें. घास गिळतां येत नसल्यास तें नळीवाटे पातळ रूपांत देतां येतें, किंवा फेंटॅनिलची पट्टी त्वचेवर लावितां येते. मज्जातंतूंच्या दाहास निराळीं औषधें जोडावीं लागतात. बद्धकोष्ठ बहुधा होतें, म्हणून सारक औषध बरोबरच देतात. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं वेदनेपुरतें घेणारास व्यसन क्वचितच जडतें. पोथींतील अफूचे योग मात्र घरीं करूं नयेत. कच्च्या अफूचें बळ सारखें नसतें.

मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकते. पण १९८५ च्या कायद्याच्या जाचामुळें तिचें सत्त्व रोग्यांस मिळणें कठीण झालें. २०१४ च्या दुरुस्तीनें तो जाच कांहींसा सैल झाला. घरोघरचें भय अद्याप गेलें नाहीं.

आम्हीं उत्तर धाडिलें : सुश्रुतांत अफू नाहीं, औषध कपाटांतून काढावें. पुढील पत्र मित्राच्या स्वहस्ताक्षरांत आलें.

ज्यांच्या संग्रहीं अहिफेनयोगांच्या मितीयुक्त पोथ्या असतील, त्यांनीं त्यांचा लेखनकाल कळवावा, ही विनंती.