स्मार्टफोनमधील जागा : काय पुसावे, काय जपावे

जानेवारी २०१८मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल' या अमेरिकी दैनिकाने भारतीयांच्या एका नित्याच्या सवयीवर वृत्तांत प्रसिद्ध केला होता. भारतातील फोन वारंवार का अडखळतात, याचा शोध घेणाऱ्या गूगलच्या संशोधकांना त्याचे एक मोठे कारण सापडले होते : रोज सकाळी लाखोंच्या संख्येने पाठवली जाणारी 'सुप्रभात'ची चित्रे. साठवण-उपकरणे बनविणाऱ्या वेस्टर्न डिजिटल या कंपनीच्या पाहणीचा हवालाही त्या वृत्तांतात होता. भारतात दर तीन स्मार्टफोनधारकांपैकी एकाच्या फोनमधील जागा रोज संपते, तर अमेरिकेत दहांपैकी एकाची, असे ती पाहणी सांगत होती. त्याच सुमारास, डिसेंबर २०१७मध्ये, गूगलने 'फाइल्स गो' हे सफाईचे ॲप आणले. आज ते 'फाइल्स बाय गूगल' या नावाने ओळखले जाते.

देश सोडला म्हणून ही सवय सुटत नाही. अल ऐनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाच्या फोनवर गावाकडचे नातेवाईक, शाळासोबती, सोसायटी आणि मंडळ अशा अनेक गटांतून फुले, सुविचार आणि सणांच्या शुभेच्छा येतच असतात. येथे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. संयुक्त अरब अमिरातींत व्हॉट्सॲपवरून थेट बोलण्यावर वर्षानुवर्षे निर्बंध आहेत. त्यासाठी परवानाप्राप्त अन्य ॲप्स आहेत. परंतु घरच्या वडीलधाऱ्यांच्या हाती बसलेले असते ते व्हॉट्सॲपच. म्हणून फोनची जागा ध्वनिसंदेश घेतात. आईने सांगितलेली भाजीची कृती, वडिलांनी कळवलेली पावसाची खबर, आजीचा आशीर्वाद हे सारे त्या छोट्या ध्वनिफितींत साठत जाते. कचरा आणि ठेवा एकाच पेटीत पडत राहतात आणि पेटी भरली की घाईघाईत दोन्ही एकदम पुसले जाण्याचा धोका असतो. जागा मोकळी करण्याचा प्रश्न म्हणूनच तांत्रिक कमी आणि निवडीचा अधिक आहे.

जागा म्हणजे नेमके काय

बोलण्यात आपण 'मेमरी' हा एकच शब्द वापरतो. पण फोनमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. रॅम ही चालू कामापुरती जागा, तर स्टोरेज ही कायमची साठवण. छायाचित्रे पुसल्याने रॅम वाढत नाही. उलट, काही अँड्रॉइड फोनमध्ये स्टोरेजचाच काही भाग जादा रॅम म्हणून वापरण्याची सोय असते. ती बंद केल्यास काही जीबी जागा लगेच परत मिळते.

१२८ जीबीचा फोन घेतला आणि त्यात तेवढी जागा दिसली नाही, तर ती फसवणूक नव्हे. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. संगणकाच्या द्विमान पद्धतीने मोजल्यास तीच जागा सुमारे ११९ भरते. त्यातून कार्यप्रणालीचा वाटा वजा होतो.

फोनमधील फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण खंड पुसावा लागतो. मोकळे खंड संपत आले, की फोनला मजकूर इकडून तिकडे हलवत बसावे लागते आणि तो मंदावतो. म्हणून शेवटच्या जीबीपर्यंत वाट पाहू नये. साधारण दहावा हिस्सा सदैव रिकामा ठेवावा.

जागा कोणी व्यापली

अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधील 'स्टोरेज' आणि आयफोनमध्ये सेटिंग्जमधील 'जनरल' या विभागातील 'आयफोन स्टोरेज' येथे जागेचा पूर्ण हिशेब मिळतो. सफाईपूर्वी तो पाहावाच, कारण आपला अंदाज बहुधा चुकतो. आपण चित्रे पुसत बसतो आणि खरी जागा चित्रफितींनी अडवलेली असते. आयफोनवर नव्या संकोचन पद्धतीने सामान्य एचडी चित्रीकरणाच्या एका मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात. तेच चित्रीकरण फोर-के दर्जाचे आणि सेकंदाला ६० चौकटींचे असेल, तर सुमारे ४०० एमबी.

आता ध्वनिसंदेश पाहा. एका मिनिटाचा संदेश एक एमबीच्याही आत बसतो. आईने वर्षभर रोज एक मिनिटाचा संदेश पाठवला, तरी त्या ३६५ संदेशांना मिळून फोर-के चित्रफितीच्या एका मिनिटापेक्षा कमी जागा लागेल. जे सर्वांत मोलाचे, तेच बहुधा सर्वांत हलके असते. ते पुसून काहीही साधत नाही.

पुसण्याआधी जतन

येथे तीन गैरसमज महागात पडतात.

पहिला : 'सगळे गूगल फोटोजमध्ये आहे.' गूगल फोटोज केवळ छायाचित्रे आणि चित्रफिती जपते. व्हॉट्सॲपचे ध्वनिसंदेश त्यात जात नाहीत. ते व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या बॅकअपमध्ये असतात आणि तो बॅकअप फोनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नक्कल असतो. आज संदेश पुसला आणि उद्या नवा बॅकअप झाला, की संदेश तेथूनही जातो. म्हणून जपायचा संदेश 'शेअर' करून फाइल म्हणून वेगळा साठवावा. फाइलला व्यक्तीचे नाव आणि तारीख द्यावी. अन्यथा पाच वर्षांनी तो शोधणे अशक्य होते.

दुसरा : 'फोनमधून पुसले तरी क्लाउडवर राहील.' आयक्लाउड फोटोज ही समक्रमणाची सेवा आहे. एका उपकरणावर पुसलेले छायाचित्र सर्व उपकरणांवरून जाते. जागा वाचवायची असल्यास तेथे 'ऑप्टिमाइझ स्टोरेज' हा पर्याय निवडावा, म्हणजे मूळ प्रत क्लाउडवर जाते आणि फोनवर हलकी प्रत राहते. गूगल फोटोजमध्येही साधे 'डिलीट' दोन्हीकडची प्रत काढते. 'फ्री अप स्पेस' मात्र बॅकअप झालेल्या छायाचित्रांची केवळ फोनवरील प्रत काढते. हा भेद लक्षात ठेवावा.

तिसरा : 'क्लाउड फुकट आहे.' गूगलने अमर्याद छायाचित्रांची मोफत सोय १ जून २०२१पासून बंद केली. १५ जीबीची मोफत मर्यादा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज या तिन्हींना मिळून आहे. अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲप बॅकअपही २०२४मध्ये टप्प्याटप्प्याने या मर्यादेत मोजला जाऊ लागला. ती भरली की नवा बॅकअप थांबतो आणि जीमेलवर पत्रेही येत नाहीत. नोकरीच्या पत्रव्यवहारासाठी हाच पत्ता वापरणाऱ्यांनी सावध राहावे. ॲपलची मोफत मर्यादा ५ जीबी आहे.

सफाईचा क्रम

जतन झाल्यावर पुढील क्रमाने जावे.

१. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज अँड डेटा' येथे 'मॅनेज स्टोरेज' उघडावे. पाच एमबीहून मोठ्या आणि अनेकदा पुढे पाठवल्या गेलेल्या फाइल तेथे वेगळ्या दिसतात. सुप्रभात आणि सुविचार बहुधा याच दुसऱ्या गटात सापडतात. एखादा गट संपूर्ण साफ करायचा असल्यास मोलाच्या संदेशांना आधी तारांकित करावे. तारांकित संदेश वगळण्याचा पर्याय तेथे मिळतो.

२. त्याच ठिकाणी चित्रे आणि चित्रफिती आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करावी. मोठ्या गटांसाठी 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केल्यास ती चित्रे गॅलरीत येत नाहीत आणि छायाचित्रांच्या बॅकअपमध्येही शिरत नाहीत. गळका नळ बंद न करता फरशी पुसण्यात अर्थ नाही.

३. चित्रपट, गाणी आणि मालिका यांचे ॲपमध्ये उतरवून ठेवलेले भाग काढावेत. टेलिग्रामने साठवलेल्या फाइलही काढता येतात. संभाषण त्यांच्या सर्व्हरवर असल्याने हवे तेव्हा त्या पुन्हा उतरवता येतात. इंटरनेटविना चालणारे नकाशे मात्र विचार करूनच काढावेत. अल ऐनहून सीमेपलीकडे बुरैमीकडे गेल्यास फोन ओमानच्या नेटवर्कवर जातो, तेव्हा तेच कामी येतात.

४. न वापरलेली ॲप्स काढावीत. आयफोनमधील 'ऑफलोड' आणि अँड्रॉइडमधील 'अर्काइव्ह' या सोयींनी ॲप जाते. पण त्यातील माहिती राहते.

५. अँड्रॉइडमध्ये 'क्लिअर कॅश' निर्धास्तपणे करावे. 'क्लिअर डेटा' मात्र नव्हे. पहिल्याने तात्पुरत्या फाइल जातात, दुसऱ्याने ॲप नव्याने बसवल्यासारखे कोरे होते. 'यूएई पास'सारखे ओळखीचे ॲप आणि बँकांची ॲप्स यांना हात लावू नये. भारतीय बँकेचे ॲप नव्याने सुरू करताना नोंदणीकृत भारतीय क्रमांकावरून एसएमएस जावा लागतो. ते सिम रोमिंगविना पडून असेल, तर काही एमबी वाचवण्याच्या नादात खात्याचा दरवाजाच बंद होतो.

६. शेवटी कचरापेटी रिकामी करावी. आयफोनमध्ये पुसलेली छायाचित्रे ३० दिवस आणि गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेली छायाचित्रे ६० दिवस राहतात. चूक सुधारण्याची ही मुदत असते. जागेची निकड नसेल, तर ती पूर्ण होऊ द्यावी.

जाहिरातींतून समोर येणारी 'क्लीनर' ॲप्स घेऊ नयेत. वरील सर्व कामे फोनच्या स्वतःच्या सोयींनी होतात. परक्या ॲपला सगळ्या फाइल पाहण्याची परवानगी देण्याचे कारण नाही.

जागा वाढविणे

आयफोनमध्ये मेमरी कार्डची खाच कधीच नव्हती. सॅमसंगनेही २०२१च्या गॅलेक्सी एस-२१पासून आपल्या एस मालिकेतून ती काढून टाकली. मध्यम किमतीच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ती अजून आढळते. पण कित्येकदा ती दुसऱ्या सिमच्याच जागेत असते. एक सिम येथील आणि एक भारतातील, अशी ज्यांची गरज आहे त्यांना दुसरे सिम किंवा कार्ड यांपैकी एकच निवडावे लागते. यावर मार्ग ई-सिमचा : फोनमध्ये सोय असल्यास येथील क्रमांक ई-सिमवर घ्यावा, म्हणजे खाच मोकळी होते.

कार्ड ओळखीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावे. बनावट कार्डे प्रत्यक्षात असलेल्यापेक्षा कितीतरी अधिक जागा दाखवतात आणि खरी मर्यादा संपली की पुढच्या फाइल नुसत्या नावापुरत्या उरतात. नवे कार्ड पूर्ण भरून, त्यातील फाइल उघडून पाहावे. तसेच २०१५च्या अँड्रॉइड ६पासून कार्डाला फोनच्या अंतर्गत साठवणीचा भाग बनवण्याची सोय आली. ती काही फोनमध्येच मिळते. अशा वेळी कार्ड सांकेतिक लिपीत बंद होते आणि फोन बिघडला तर अन्यत्र वाचता येत नाही. कौटुंबिक ठेव्यासाठी साधे, सुटे कार्डच बरे.

ज्यांच्या फोनला खाच नाही, त्यांनी यूएसबी-सी जोडणीचा पेनड्राइव्ह किंवा एसएसडी घ्यावा. २०२३च्या आयफोन १५पासून आयफोनलाही तो थेट जोडता येतो. 'एक्सफॅट' या पद्धतीने फॉरमॅट केल्यास तो फोन आणि संगणक दोन्हीकडे चालतो.

अल ऐनचा उन्हाळा

अल ऐनला समुद्राची सोबत नाही. उन्हाळ्यात तेथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. ॲपलच्या सूचनेनुसार आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा आणि बंद स्थितीतही ४५ अंशांहून अधिक उष्ण जागी ठेवू नये. उभ्या केलेल्या मोटारीतील तापमान ही मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे मोठा बॅकअप घरात, थंड खोलीत, वायफायवर आणि चार्जर लावून रात्री घ्यावा.

पेनड्राइव्ह आणि कार्डे यांतील माहिती विद्युतभाराच्या रूपात असते. तो भार कालांतराने झिरपतो आणि उष्णतेने अधिक वेगाने. बॅकअपचा ड्राइव्ह मोटारीच्या कप्प्यात किंवा गच्चीवरील कोठीत ठेवून वर्षानुवर्षे विसरू नये. वर्षातून एकदा तो जोडून फाइल तपासाव्यात. एकूण प्रती दोन असाव्यात : एक क्लाउडवर, एक हाताशी. सुट्टीवर भारतात जाताना एक प्रत तेथील घरी ठेवता आली, तर उत्तम.

फोन किंवा देश बदलताना

येथील नोकरी संपते तेव्हा बहुधा येथील फोन क्रमांकही सुटतो. व्हॉट्सॲपचा बॅकअप मात्र त्या क्रमांकाशी आणि त्या गूगल वा ॲपल खात्याशी जोडलेला असतो. म्हणून सिम बंद होण्यापूर्वीच व्हॉट्सॲपमधील 'चेंज नंबर' ही सोय वापरावी आणि नव्या क्रमांकाने ताजा बॅकअप घ्यावा. बॅकअपला सांकेतिक कुलूप लावले असल्यास त्याचा पासवर्ड लिहून ठेवावा. तो हरवल्यास व्हॉट्सॲपही बॅकअप उघडून देऊ शकत नाही. कार्यालयाने दिलेल्या फोनवर घरची छायाचित्रे असतील, तर ती आधीच हलवावीत. असा फोन कंपनीला दुरून कोरा करता येतो.

नवा फोन घेताना पाहायचे ते एवढेच : आजचा वापर किती, आणि वर्षाला तो किती वाढतो. कार्डाची खाच नसलेल्या फोनमध्ये पुढे जागा वाढवता येत नाही. त्यामुळे चार वर्षांचा हिशेब खरेदीच्या दिवशीच करावा लागतो.

सुप्रभातचे चित्र उद्या सकाळी पुन्हा येणारच आहे. आईच्या आवाजातला कालचा संदेश दुसऱ्यांदा येणार नाही. फोन भरल्याची सूचना आली, की आधी हे संदेश वेगळे साठवावेत आणि मगच पुसायला बसावे.